भुवाची अठाई आणि यमराज

आमच्या मंडळींचं म्हणणं असं, की आत्मचरित्र लिहिणाऱ्याचे निदान चार दात तरी पडलेले असावेत. माझे दात शाबूत आहेत, केस तेवढे गेलेत. पण ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं घडलं तो केव्हाच भंगारात गेला, तो खेळ ज्या पानावर चालायचा ते पान आता उघडत नाही, आणि आमची मुलगी मला विचारते, "पप्पा, तुम्ही खरंच वायरवाला माउस धरून खेळायचात?" तेव्हा या हिशेबानं मी म्हाताराच, आणि म्हाताऱ्याला लिहायचा हक्क असतो. आज भुवाच्या अठाईचं लिहितो. गावात ही गोष्ट अजून सांगतात, पण चुकीची सांगतात. भुवा आळेफाट्याला बंदूक घेऊन गेली होती असं एक गिऱ्हाईक माझ्याच दुकानात बसून मलाच सांगत होतं.

ओतूरच्या पेठेत खाली आमचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. आमचे कोणी पूर्वज राजस्थानातून आले, त्यांचं घरात आता लोणचं आणि गट्ट्याची भाजी एवढंच उरलं होतं; भांडणं आणि लाड दोन्ही मराठीतच चालायचे. सकाळपासून खाली भांड्यांवर नावं घालायचं मशीन सुरू असायचं. पप्पा मान वाकडी करून तांब्यावर, ताटावर, हंड्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' कोरायचे आणि ती घरघर जिन्यावरून वर येऊन आईच्या पोळपाटापर्यंत पोचायची. गाव कांद्याचं. पेठेतून दिवसभर कांद्याच्या गोण्यांचे पिकअप, सगळ्या कपड्यांना कांद्याचा वास, आणि आमच्या जैन घरात कांद्याला उंबरा ओलांडायची बंदी. चातुर्मास लागला की पालेभाज्याही बंद व्हायच्या. मग आई मुगावर तुटून पडायची. मुगाचं वरण, मुगाचे पापड, पापडाची भाजी, मुगाच्या मंगोड्या, आणि जोडीला बाजरीची भाकरी नि तूप. सूर्य मावळायच्या आत ताटं घासून पालथी. समोरच्या गाडीवर भज्यांचा पहिला घाणा पडायचा तेव्हा आमचं रात्रीचं जेवण जिरायला लागलेलं असायचं.

या घराची खरी मालकीण भुवा, म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. अंगानं काटकी, आवाजानं हवालदार. रोज सकाळी तोंडाला पांढरी मुहपत्ती बांधून सामायिकाला, म्हणजे घडीभराच्या ध्यानाला, बसायची. फरशीवर मुंगी दिसली की तिला कागदावर घेऊन गच्चीच्या कुंडीत सोडून यायची, वर तिला दोन शब्द सुनवायची, की इथं माणसं चालतात, अक्कल नाही का. हत्तीच्या नाहीतर माशाच्या आकाराचं बिस्कीट घरात आलं की परत जायचं. "भुवा, बिस्कीटच आहे ना," म्हटलं तर म्हणायची, "मग सांग, हत्तीचं आधी डोकं खातोस का पाय?" आम्ही सगळेच आधी डोकं खायचो, म्हणून विषय तिथंच संपायचा.

दुकानात बिलासाठी कॉम्प्युटर आला तेव्हा पप्पांनी ताकीद दिली, की यात काही भरायचं नाही. कॉम्प्युटरला पोट असतं आणि ते जास्त खाऊन बिघडतं अशी त्यांची समजूत होती. मी शब्द पाळला. 'ठोकळे' भरावाच लागत नव्हता. इंटरनेटवर पत्ता टाकला की खेळ उघडायचा आणि पप्पांची चप्पल जिन्यावर वाजली की एका बटणात गायब व्हायचा. त्याचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक होतं, पण त्यातली माणसं, झाडं, घरं सगळी चौकोनी, म्हणून आम्ही ठोकळे म्हणायचो. देशोदेशीचे लोक एकाच मैदानात, प्रत्येकाच्या हातात बंदूक. कोणी मारलं हे कळायच्या आत मरायचं आणि हुं की चूं करायच्या आत परत उभं राहून पळत सुटायचं. एवढ्या वेगानं मी आयुष्यात दुसरं काहीही केलेलं नाही. लग्नसुद्धा सावकाश केलं.

माझा जोडीदार गण्या. माळशेजच्या पायथ्याचा, भात-नाचणीवाल्या घरातला. शिकायला ओतूरला मामाकडे राहायचा. मामाचा कॉम्प्युटर क्लास आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर. गण्या तिथून खेळायचा, मी दुकानातून, आणि आमचा एकमेकांशी संपर्क म्हणजे त्याची खिडकी. "चेत्या, मागं हाय, मागं!" असं तो रस्त्याच्या वरून ओरडायचा आणि खालची चार माणसं मागं वळून बघायची.

तर एके दिवशी सामायिक आटपून भुवा खाली आली. मी रंगात होतो. तिनं मागून विचारलं, "काय करतोस रे?" आणि मी मान न वळवता, अगदी सरळ मनानं सांगितलं, "माणसं मारतोय."

भुवा वर गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मला समोर बसवलं. मी म्हटलं, "भुवा, ती खोटी माणसं आहेत." ती म्हणाली, "माणसं खोटी असतील. मारायची इच्छा कुठून आणलीस, ती पण खोटी का?" मग एकदम तिला काहीतरी उमगलं. तिची अठाई दोनदा मोडली होती. अठाई म्हणजे पर्युषणात सलग आठ दिवस काही खायचं नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. एकदा तिला उलट्या झाल्या, एकदा जिन्यात चक्कर आली आणि पप्पांनी जबरदस्तीनं साखरपाणी पाजलं. बरोबरीच्या सगळ्या बायकांच्या अठाया होऊन पारण्याचे फोटो भिंतीला लागले होते, आणि भुवाचंच राहिलं होतं. हे तिला फार लागायचं, कोणाला दाखवायची नाही इतकंच. आता तिला कारण सापडलं. "घरात रोज माणसं मरत असतील तर माझी अठाई कशी पार पडायची?" ती म्हणाली. तिची अठाई मोडली तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता हे मी सांगून पाहिलं. ते तिनं ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, नेलं. चातुर्मासाला महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, आल्या होत्या. पोरं त्यांच्यापुढे एकेक पचखाण, म्हणजे नेम घेत होती, कोणी आइस्क्रीम सोडत होतं, कोणी टीव्ही. भुवानं मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "हा खेळ सोडतोय." महासतीजींनी मलाच विचारलं, "तुला काय जमेल?" मी बराच विचार करून म्हटलं, "खेळ नाही सुटणार. पण संवत्सरीपर्यंत मारणार नाही कोणाला." महासतीजी मुहपत्तीआड हसल्या असाव्यात, कारण त्यांचे डोळे बारीक झाले. पण पचखाण दिलं. घरी आल्यावर भुवा जिन्यावर थांबून म्हणाली, "तू एक जीव मारू नकोस, मी या वर्षी अठाई पुरी करते. तू चुकलास की माझं पण गेलं." आणि मी, मूर्ख, हो म्हणालो. मला वाटलं माझं मी बघेन. आता माझ्या बोटावर भुवाचे आठ दिवस येऊन बसले.

गण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी तू बंदूक घिऊन मैदानात जाणार आन् मारणार न्हाई? मग काय तिथं सत्यनारायण घालणार व्हय?" पण गण्या हुशार. आठवड्यात त्यानं माझा उपयोग शोधला. मी पळायचं. नुसतं पळायचं, उड्या मारायच्या, लोकांच्या नाकासमोरून जायचं. माझ्या मागे शत्रू लागले की गण्या एका कोपऱ्यातून त्यांना टिपायचा. कोणी अगदी समोर आलं की चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मी माउसवरून हातच उचलायचो. त्या चौमाशात मी असा काही पळालो की परदेशातली पोरं मला इंग्रजीत शिव्या देऊ लागली. शेजारच्या मुलानं मला खेळताना पाहिलं आणि म्हणाला, हा तर लगोरी खेळतोय.

भुवा रोज शेजारी गादीवर बसून पहारा करायची. पहिले दिवस ती फक्त माझ्या बोटाकडे बघायची. मग तिची नजर हळूहळू पडद्यावर गेली. "त्या खोक्यामागं एक जीव आहे," ती सांगायची. "निळा जीव पाण्याच्या टाकीवर चढलाय बघ." एकदा तिनं विचारलं, यांना इंद्रियं किती. मी म्हटलं, दोन, दिसतं आणि ऐकू येतं. "मग माशीपेक्षा खालचे, तिला चार असतात," ती म्हणाली, आणि तरी त्यांची काळजी करायची. तिची एक शंका मात्र खरी होती. मी मारत नसलो तरी माझ्यामुळे गण्या मारतो, म्हणजे मी मारवतो, आणि मारवणं हेही मारण्यातच आलं. मी म्हटलं, माझं पचखाण फक्त स्वतः मारायचं आहे. ती हे विचारायला स्थानकात गेली आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "पळ तू." पर्युषण आलं तोवर तिला मैदानाचा सगळा नकाशा पाठ होता, माझ्यापेक्षा चांगला.

आळेफाट्याची एक दुक्कल तेव्हा आम्हांला छळत होती. एकाचं खेळातलं नाव यमराज, दुसऱ्याचं चित्रगुप्त. आम्ही मैदानात उतरलो की यमराज लिहायचा, 'आले का ओतूरचे कांदे'. मला कांदा म्हणत होता. ज्यानं जन्मात कांदा चाखला नाही त्याला. गण्यानं चिडून सामना लावला, दोघांविरुद्ध दोघं, शेवटच्या फेरीत ज्याचा माणूस उभा राहील तो जिंकला. अडचण लोडशेडिंगची होती. ओतूरला लाइट असली की फाट्याला नसायची. दोन्हीकडे लाइट असेल अशी एकच दुपार त्या आठवड्यात होती, आणि ती नेमकी पर्युषणाच्या सातव्या दिवशी आली.

भुवाच्या अठाईचा तो सातवा उपवास. गाल आत गेलेले, आवाजातला हवालदार रजेवर गेलेला. सहाव्या दिवशी आईनं साखरपाण्याचा पेला तयार ठेवला होता. भुवानं तिच्याकडे असं पाहिलं की आईनंच तो पिऊन टाकला. वर पत्र्याखाली उकडत होतं, म्हणून दुपारी ती दुकानात येऊन फरशीच्या गारव्याला बसली. पप्पा स्थानकात होते आणि शटर अर्धं खाली होतं. मी म्हटलं, "भुवा, आज फार मोठा सामना आहे." ती म्हणाली, "माझा काय छोटा आहे?" आणि माळ घेऊन माझ्या शेजारी सरकली.

बाकीच्या फेऱ्यांचं सांगत नाही, बरोबरी झाली एवढं पुरे. गण्याच्या ओरडण्यानं खाली पेठेत माणसं जमली होती आणि एक पिकअपवाला गाडी बंद करून शटरखालून वाकून बघत होता. शेवटच्या फेरीत गण्यानं चित्रगुप्ताला उडवलं आणि पुढच्याच क्षणी यमराजानं गण्याला. "चेत्या, मी गेलो रं," खिडकीतून आवाज आला, "आता तूच हायेस." वेळ संपेपर्यंत जिवंत राहिलो तर सामना बरोबरीत सुटणार होता. मी पळत सुटलो. टाकीभोवती, पुलाखालून, परत टाकीभोवती. यमराज माझ्या मागे. माझ्या कानशिलांवरून घाम निथळत होता आणि भुवाची माळ थांबली होती. "उजवीकडे नको," ती पुटपुटली, "तो जीव तिथंच येतोय. पायरीवर चढ." मी चढलो. आणि पायरीच्या टोकाला यमराज, अगदी नाकासमोर, माझ्या बंदुकीच्या नेमाच्या बरोबर मध्ये. त्याची बंदूक रिकामी झाली होती, तो गोळ्या भरत होता. सवयीनं मी माउसवरून हात उचलला.

"मार की मेल्या!" भुवा म्हणाली, आणि तिचा हात माउसवर पडला.

समोरच्या खिडकीत गण्या नाचायला लागला. रस्त्यावर टाळ्या पडल्या. पिकअपवाला म्हणाला, "आवो शेठ, तुमच्या म्हातारीनं मारला की." भुवा पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बघत होती. तिनं विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, "यमराज मेला, असं." तिनं हात उचलून मांडीवर ठेवला, पदराखाली झाकला, आणि माळ तिथंच ठेवून जिना चढून वर गेली.

माझं पचखाण मोडलं नव्हतं, कारण मी मारलं नव्हतं. पण हे मी कोणाला समजावणार? संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना झाल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. भुवानं पप्पांची मागितली, आईची, माझी, दूधवाल्याची, जिच्याशी बोलणं बंद होतं त्या चुलतभावजयीचीही मागितली. नवव्या दिवशी सकाळी पारणं. पाहुणे आले, फोटोवाला आला, आई वाटीत मुगाचं पाणी घेऊन पुढे झाली, आणि भुवानं तोंड मिटून घेतलं. "सगळ्या जगाला खमवलं," ती म्हणाली, "ज्याला मारलं तोच राहिला. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी पाणी पण घेणार नाही."

पप्पा म्हणाले, "बाई, तो कॉम्प्युटरमधला माणूस आहे." भुवा म्हणाली, "मग कॉम्प्युटर चालवणारा कोण? भूत?" पप्पांनी मग माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी इथं वर्णन करत नाही. मी रडकुंडीला आलो होतो. आठ दिवस उपाशी बाई, ओठ सुकलेले, आणि आता माझ्या खेळापायी तिचं पारणं अडलेलं. ती पडली असती तर मी पुन्हा घरात तोंड दाखवलं नसतं. गण्याला हाक मारली. यमराजानं गप्पांत एकदा लिहिलं होतं, की नाशिक रोडला आपलं टायरचं दुकान आहे. एवढ्यावर आम्ही दुकानाची व्हॅन काढली. पुढे पप्पा, मागे भुवा, तिला धरून आई, आईच्या मांडीवर मुगाच्या पाण्याचा डबा, आणि मी नि गण्या सामान ठेवायच्या जागेत.

आळेफाट्याला नाशिक रोडवर टायरची दुकानं रांगेनं. गण्या प्रत्येक दुकानात वाकून विचारायचा, "इथं यमराज कोन?" एका चहावाल्यानं हात जोडले. "पावणं, बोहनी झाली न्हाई आजून, काय इचारताय?" शेवटी एका दुकानात बनियनमधला आडवातिडवा मिस्त्री ट्रकच्या टायरवर घण घालत होता. मिशा कानापर्यंत, पोट पुढे. मी घाबरत विचारलं, "यमराज तुम्हीच का?" त्याचा घण वरच्या वर थांबला. आतून त्याची बायको बाहेर आली. "कोन यमराज?" तिनं त्याला विचारलं. "आवो, तुमी तर आत कॉम्प्युटरवर ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलत असता ना?" त्या क्षणी यमराजाची जी दशा झाली ती चित्रगुप्तानं नोंदवून ठेवायला हवी होती.

व्हॅनमध्ये माणसं बघून त्याला वाटलं भांडायला आलोत. "आवो शेठ, कांदे म्हनलो ते गमतीनं," तो पप्पांना सांगू लागला. तेवढ्यात भुवा उतरली. आईचा हात सोडवून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले.

"भाऊ, परवा तुला मी मारलं. या पोरानं नाही, मी. मिच्छामि दुक्कडम्. मला क्षमा कर."

मिस्त्री गोंधळला. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आवो मावशी, त्यात काय येवढं? ग्येम हाय त्यो. मी काय खरं मेलो न्हाई. लगीच उठलो बी."

"तू उठलास," भुवा म्हणाली. "पण मला बरं वाटलं रे. तू मेलास तेव्हा मला लई बरं वाटलं. आयुष्यभर मुंग्या उचलल्या मी. आणि हे माझ्यात होतं, मला ठाऊक नव्हतं."

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला रडताना तोवर कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीनं घण खाली ठेवला. मिशीला हात लावत तो हळूच म्हणाला, "मावशी, दिसभर ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खातो मी. तिथं कुनाला मारलं की मला बी बरं वाटतं. त्याच्यापायीच खेळतो की. तुमी काय येगळं केलं न्हाई." त्यानं हात जोडले. "आन् तुमच्या ह्या पोराला मी लई येळा मारलंय. त्याचं तुमी मला माफ करा."

भुवानं मान हलवली आणि तिचा तोल गेला. गण्यानं आणि मी तिला धरून एका टायरवर बसवलं. आई डबा उघडून धावली. भुवानं तिचा हात अडवला आणि मिस्त्रीकडे बोट केलं. "त्याला देऊ दे."

मिस्त्रीनं आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे. तो नळावर गेला आणि कपड्याची पावडर नि भुसा घेऊन हात घासू लागला. काळेपणा जाता जाईना. बायकोनं पाणी ओतलं, परत घासले, नखं घासली. आजूबाजूच्या दुकानांतले घण थांबले होते. एक ड्रायव्हर ट्रकच्या पायरीवर उभा राहून बघत होता, कोणी हसत नव्हतं. शेवटी तो ओले हात धरून भुवासमोर गुडघ्यावर बसला. आईनं त्याच्या हातात चमचा दिला. सत्तर किलोचा टायर एका हातानं फिरवणाऱ्या त्या माणसाकडून पहिला चमचा निम्मा भुवाच्या पातळावर सांडला.

भुवानं खालून त्याचं मनगट धरलं. "सावकाश," ती म्हणाली, "मी कुठं पळून चाललेय?" आणि दुसरा चमचा तिनं त्याच्याच हातानं तोंडाला लावला.